कारखान्याच्या पत्र्यावरचं ऊन

पनवेलहून कोन गावाकडे जाताना, रस्त्यापासून थोडा आत, आमचा मासळी गोठवायचा कारखाना आहे. कोळंबी, माकुल, वाकट्या येतात, साफ होतात, गोठतात आणि कंटेनरमधून परदेशी जातात. तिथल्या विजेची आणि यंत्रांची देखभाल गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शीतगृहाचं तापमान थोडं जरी चढलं तरी आतल्या मालाचं काय होतं ते मी पाहिलंय, आणि त्याचा वासही घेतलाय. त्यामुळे एखादी गोष्ट ‘कधीच बंद पडत नाही’ असं कुणी म्हटलं, की मी त्या माणसाकडे जरा नीट बघते. नवऱ्याचं म्हणणं असं की ही सवय मी घरीही आणते आणि भाजीवालीलाही उलटतपासणी घेतल्यासारखं विचारते. असेल.

एका सकाळी शेठनी मला वर त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. आमचे शेठ या धंद्यातली दुसरी पिढी. कमी बोलतात, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघतात. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक परदेशातलं. त्याचा मेल आला होता. ज्या कारखान्यांची वीज कोळशाची आहे, त्यांच्याकडून पुढे माल घेणं कमी करत नेणार, असा त्याचा अर्थ होता.

“सूर्याची किंवा वाऱ्याची वीज हवी म्हणतात,” शेठ म्हणाले.

“आणि ती वापरली तर मालाला भाव वाढवून देणार?”

“त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

आम्ही दोघंही हसलो. मग ते गंभीर झाले. “बदल केला तर काय काय बुडू शकतं, आणि नाही केला तर काय बुडू शकतं, एवढं मला शोधून सांगा. कुणाच्या बाजूने बोलू नका. मला इथे प्रत्येक जण काहीतरी विकायला येतो.”

मला तेव्हा बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या कामासाठी आपल्यावर विश्वास टाकला, असं वाटलं.

सौर कंपनीचा माणूस पुढच्याच आठवड्यात आला. पनवेलच्या उकाड्यात कोट घालून, हातात काजूकतलीचा डबा. त्याची योजना साधी होती. छप्पर आमचं, पॅनल त्यांची. बसवायचा खर्च त्यांचा. आम्ही फक्त पंचवीस वर्षं त्यांच्याकडून वीज विकत घ्यायची, आत्तापेक्षा स्वस्तात. माझा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं, आणि त्यामुळेच मला तो माणूस खटकला. ज्याने खरोखर काम केलंय तो मध्ये कुठेतरी थांबतो, आठवतो, कपाळावर आठी घालतो. हा कुठेच थांबत नव्हता.

“आमचं छप्पर पाहिलंत?” मी विचारलं.

“ड्रोनने पाहिलंय मॅडम. एकदम मस्त छप्पर आहे.”

“वरून. पण खालून?”

“खालून काय बघायचं?”

“खाडीकडून वारा येतो इथे. मागच्या वादळात शेजारच्या गोदामाचे पत्रे रस्त्यावर येऊन पडले होते.”

“आमची पॅनल त्याहून जोराचा वारा सोसतात.”

“पॅनल सोसतील हो. पत्रा सोसेल का?”

त्याने शेठकडे पाहिलं आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाला, “मॅडम, पत्रा तर तुमचा आहे ना.”

म्हणजे पत्रा उडाला तर जबाबदारी आमची, आणि त्याच्याबरोबर त्यांची पॅनल उडाली तर तीही आमच्याच पत्र्यामुळे उडाली असं ठरणार. मी ते बोलून दाखवलं. तो नुसता हसला. मग मी विचारलं, “तुमची कंपनी पंचवीस वर्षं टिकेल कशावरून?”

“तुमची टिकेल कशावरून?” तो म्हणाला.

त्या सगळ्या बैठकीत तो बोललेलं हे एकच वाक्य मला मनापासूनचं वाटलं. शेठना मात्र ते झोंबलं. डबा उघडाच राहिला, कुणी काजूकतलीला हात लावला नाही.

त्यांनी आधी काम केलेला एक कारखाना दाखवायला तो आम्हाला तळोज्याला घेऊन गेला. आम्ही शिडीने वर चढलो. सगळं छप्पर निळं, लखलखीत. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, तरी पॅनलच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. कुणीतरी सकाळीच धुतली होती. तिथला व्यवस्थापक आमच्याबरोबर होता. पन्नाशीतला, थकलेला माणूस. शेठनी त्याला विचारलं, “कसा अनुभव?” त्याने ‘समाधानी आहोत’ म्हटलं आणि हळूच सौर कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. परतताना गाडीत शेठ म्हणाले, “चांगलं वाटतंय.” मी म्हटलं, “धुतलेलं वाटतंय.”

तळोज्याला रेल्वेच्या रुळांवरून जाणारा एक पूल आहे. तो उतरताना त्या कारखान्याचं छप्पर वरून दिसतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. महिन्याभराने मी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढली आणि पुलावर कडेला थांबले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. खाली तेच छप्पर होतं, पण निळं नव्हतं. त्यावर राखाडी थर बसला होता, आजूबाजूच्या कारखान्यांच्या धुराड्यांमधून जे काही येतं त्याचा. एका कोपऱ्यात कावळ्यांनी घाण करून ठेवली होती. मी बघत राहिले. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. आपला संशय खरा निघाला की आधी तो आनंदच होतो, काळजी नंतर वाटते.

तशीच खाली उतरून मी त्या कारखान्यात गेले. व्यवस्थापक आत होता. मला एकटीला पाहून तो आधी बिचकला, मग त्याने चहा मागवला.

“धुवायला माणसं येत नाहीत?” मी विचारलं.

“पहिली दोन वर्षं यायची. मग ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, तिला तिसरीने. आता फोन लावला की गाणं वाजतं.” तो कप फिरवत राहिला. “त्या दिवशी तुम्ही येणार म्हणून आली होती धुवायला. बिल मात्र न चुकता येतं हां.”

“मग तेव्हा तुम्ही समाधानी म्हणालात ते?”

“आहेच की,” तो म्हणाला. मला कळेना. तो पुढे म्हणाला, “एवढी धूळ बसूनसुद्धा माझी वीज स्वस्तच पडते मॅडम. मला उद्या परत विचारलंत तर मी परत बसवीन. फक्त धुवायचं काम त्यांच्याकडे ठेवणार नाही, आणि पंचवीस वर्षांवर सही करणार नाही.”

मी गेले होते चोर पकडायला, आणि मिळालं हे असं, धड इकडे ना तिकडे. घरी येईपर्यंत मी त्याच्या बोलण्यात खोट शोधत होते. सापडली नाही.

सोमवारी शेठनी मला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. “तुम्ही तळोज्याला एकट्या गेला होतात?”

“हो. तेच सांगणार होते.”

“कुणाला भेटलात?”

मी सांगितलं. ते माझ्या हातांकडे बघत होते. “बरं,” म्हणाले आणि फोन उचलला. मी खाली आले. मी गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कॅन्टीनमध्ये त्या दिवसांत माझ्याबद्दल दोन अफवा होत्या. एक अशी की मला सौर कंपनीकडून काहीतरी मिळतंय. दुसरी अशी की जनरेटरला डिझेल पुरवणाऱ्याने मला हाताशी धरलंय, म्हणून मी सौर विजेत काड्या घालतेय. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

छप्पर किती भार पेलेल आणि वीज किती वाचेल याचे अंदाजे आकडे मी शेठना आधीच दिले होते, पण आता मला छपराचा निकाल लावायचा होता. आमच्या मासळी साफ करायच्या हॉलला आठवड्यातून एकदा सुट्टी असते. त्या दिवशी मी हेल्मेट घातलं, कमरेला पट्टा बांधला आणि आतल्या लोखंडी शिडीने छपराखालून जाणाऱ्या अरुंद लोखंडी वाटेवर चढले. पश्चिमेच्या टोकाला कुणीतरी आधीच होतं. टॉर्चचा उजेड हलत होता.

“कोण आहे तिकडे?” मी ओरडले.

उजेड थांबला. “तुम्ही कोण?”

“मी इथली मेंटेनन्सची इंजिनिअर. तुम्ही आत आलात कसे?”

तो माझ्याएवढ्याच वयाचा गृहस्थ होता, खिशाला तीन पेनं. तो अवघडून म्हणाला, “मी इंजिनिअर आहे, पुण्याहून आलोय. शेठनी पाठवलंय. आज इथे कुणी नसतं असं म्हणाले होते.”

“काय बघायला पाठवलंय?”

त्याने उजेड खाली वळवला. “छप्पर. आणि… तुम्ही दिलेले आकडे.”

मी तिथेच बसले. खाली हॉलमध्ये ओली फरशी चमकत होती. मला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. काही केलेलं नसताना वाटते तशी. तो बिचारा उभाच होता. शेवटी तोच म्हणाला, “मॅडम, आता दोघंही वर आलोच आहोत तर हे बघून घ्या.”

त्याने हातोडीने पत्र्याखालच्या एका आडव्या लोखंडी पट्टीवर ठोकलं. आवाज दबका आला, पोत्यावर मारल्यासारखा. रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला आणि त्याच्यामागे गंजाचा चुरा. खाडीचा खारा वारा आणि आतली सततची ओल, दोन्हीकडून लोखंड खाल्लं गेलं होतं. वरून रंग शाबूत. आम्ही बोल्ट बघत बघत पूर्वेकडे सरकलो. तिकडे आवाज हळूहळू खणखणीत होत गेला. दुपारपर्यंत आम्ही खडूने खुणा केल्या: इथपर्यंत भार चालेल, इथून पुढे एक माणूसही चढवू नका. आमच्या दोघांच्या खुणा जवळजवळ जुळल्या. उतरल्यावर त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, “तुमचे आकडे बरोबर आहेत असं मी सांगणार आहे.” मी आभार मानले नाहीत. आभार मानण्यासारखं काय होतं त्यात?

अर्ध्याच छपरावर पॅनल बसतील म्हटल्यावर शेठच्या डोक्यात दुसरी जागा आली. कारखान्याला लागून एक मोकळा तुकडा आहे, गवत वाढलेला. तो विचुंब्याच्या एका आगरी बाईंचा. त्यांना सगळे वयनी म्हणतात, मीही म्हणते. एकेकाळी घरची भातशेती आणि मिठागर होतं; आता त्यांची स्वतःची इमारत आहे आणि त्या तळमजल्यावर राहतात. शेठ मला म्हणाले, “बाईमाणूस बाईमाणसाशी बोललेलं बरं. पंचवीस वर्षांसाठी भाड्याने मागा.” माझ्यावर पाळत ठेवून झाल्यावर आता ही गोड कामगिरी. तरी मी गेले.

वयनींनी पंखा लावला, पाणी दिलं आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पंचवीस वर्सां? तवर मी असन का?”

“भाडं तुमच्या मुलांना मिळत राहील.”

“माज्या सासऱ्याच्या वक्ताला पन असाच एक सायब आलता. गोड बोलत व्हता. नवीन शहर होईल, पोरांना नोकऱ्या लागतील. शहर झालं, खोटं नाय. नोकरी कोनाला लागली, कोनाला नाय. जमीन मातर सगल्यांची गेली.” त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. “आता तुमी लोखंड गाडनार, वायरी टाकनार. पंचवीस वर्सांनी माजा नातू जागा मागाला येल, तर तुमी म्हननार, हितं तर कारखाना हाय.”

“असं होणार नाही,” मी म्हटलं, आणि म्हणताना मला जाणवलं की माझं उत्तर त्यांचा प्रश्न संपायच्या आधीच तयार होतं.

“मंग एक सांगा,” वयनी म्हणाल्या. “तुमी माज्या जागी असत्या तर दिली असती?”

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टूं-टूं चाललं होतं. मी म्हटलं, “पंचवीस वर्षांसाठी नसती दिली.”

“मंग?”

“थोड्या मुदतीसाठी दिली असती. आणि कंपनी बंद पडली तर ते लोखंड कुणी उचलायचं, जागा पहिल्यासारखी कुणी करून द्यायची, ते आधी ठरवून घेतलं असतं.”

“ह्ये तुमच्या शेठनी सांगितलं बोलाला?”

“नाही.”

वयनी हसल्या. “मंग काढतील तुमाना.”

मीही हसले. स्कूटरवर बसल्यावर मात्र ते खरं वाटायला लागलं. हे शेठपर्यंत जाणारच होतं; माझं काही ना काही जातच होतं. म्हणून मी सरळ कारखान्यात गेले, त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि काय बोलले ते शब्दशः सांगितलं.

“तुम्ही माझ्या वतीने गेला होतात,” शेठ म्हणाले.

“हो. उद्या त्या कोर्टात गेल्या असत्या तर तुम्हीच विचारलं असतंत, की ही जोखीम आधी का नाही सांगितली.”

“तुम्हाला माझी भीती वाटत नाही?”

“वाटते. म्हणून दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आले.” आणि मग, इतके दिवस आत दाबलेलं तेही बाहेर आलं. “पुण्याच्या गृहस्थांना माझ्या मागे का पाठवलंत?”

ते पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघत बोलले. “तुम्ही लबाड आहात असं वाटलं म्हणून नाही. हे विजेचं मला काही कळत नाही. तुम्ही चुकलात, तर मला ते कुठून कळणार? मला दुसरा डोळा हवा होता.”

“मग मला सांगून पाठवायचं.”

“सांगितलं असतं तर तो तुमच्याच डोळ्यांनी बघून आला असता.”

त्यांचं चूक होतं असं मी आज म्हणणार नाही. धंदा करणाऱ्याला असंच वागावं लागत असेल. पण ते मला लागलं, आणि अजून लागलेलंच आहे.

शेवटी जे झालं ते कुणालाच पुरतं मनासारखं झालं नाही. वयनींनी जागा दिली नाही. तिथे अजून गवतच आहे. शेठनी पंचवीस वर्षांचा करार नाकारला आणि फक्त पूर्वेच्या धड छपरावर स्वतःच्या खर्चाने पॅनल बसवून घेतली. धुवायला आमचीच माणसं. पश्चिमेचं गंजलेलं लोखंड काढून नवीन घालायचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. जनरेटर विकायचा विषय मी निघूच दिला नाही. सौर कंपनीच्या त्या माणसाने काही महिन्यांनी मला फोन केला. “मॅडम, आता मी बॅटरीत आहे,” म्हणाला, दुसऱ्या कंपनीतून. आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाने कळवलं की त्यांनी आपली मुदत पुढे ढकलली आहे. शेठनी तो मेल मला वाचून दाखवला आणि म्हणाले, “बघा.” तरी पॅनल काढायची भाषा त्यांनी केली नाही, कारण विजेचा खर्च खरंच उतरला होता.

मे महिन्यात एक दिवस भर दुपारी लाइन गेली. जनरेटर सुरू झाला, कॉम्प्रेसर चालू राहिले. मी खाली मीटरच्या खोलीत असताना शेठ आले. एरवी ते तिथे येत नाहीत. सौर यंत्रणेचे दिवे बंद होते.

“हे का बंद?” त्यांनी विचारलं. “बाहेर ऊन तर रणरणतंय.”

“बाहेरची लाइन गेली की ही यंत्रणा स्वतःहून थांबते. नाहीतर आपली वीज उलटी तारांमध्ये जाईल आणि खांबावर काम करणारा माणूस मरेल.”

“म्हणजे जेव्हा लाइट जाते नेमकी तेव्हाच सूर्याची वीज मिळत नाही?”

“आपल्या या जोडणीत नाही मिळत. जनरेटरबरोबर चालवायला वेगळी यंत्रणा लागते. बसवताना मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत खरं,” ते म्हणाले. “मला वाटलं, मला घाबरवताय.”

ते गेले नाहीत. खोलीत उकडत होतं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. अर्ध्या तासाने लाइन आली. जनरेटरचा आवाज उतरत गेला. सौर यंत्रणेचा एक दिवा लागला, पण वीज येईना.

“आता काय?”

“ती थोडा वेळ बघते. लाइन टिकते की परत जाते, याची खात्री करून घेते. मगच सुरू होते.”

“आपोआप?”

“हो.”

“नक्की?”

मी म्हटलं, “थांबून बघू या,” आणि आम्ही दोघं त्या एका दिव्याकडे बघत उभे राहिलो.